मेडिकलवाला ‘नाही’ म्हणतो तेव्हा

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं इस्पितळ सुरू केलं तेव्हापासूनची ही ओळख. आजही जत-आटपाडीपासून ते पलीकडं कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीपर्यंतची माणसं इथं ‘दाखवायला’ येतात. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात, पुढची तारीख देतात आणि पेशंट घरी जातो. त्यानंतर महिनोन्‌महिने त्याला जो भेटत राहतो तो डॉक्टर नसतो, तर गावातला नाहीतर चौकातला मेडिकलवाला असतो. त्याच्याकडं नंबर लावावा लागत नाही, तपासणी फी नसते. रात्री नऊ वाजता पोराला ताप चढला तरी शटर अर्धं उघडं असतं.

तरी सार्वजनिक आरोग्य म्हटलं की आपल्याला आशाताई आठवतात, पोलिओचा डोस आठवतो, डासांची फवारणी आठवते. मेडिकल आठवत नाही, कारण ते आपल्या लेखी दुकान असतं. माझं म्हणणं असं, की त्या दुकानात काय विकलं जातं याच्याइतकंच काय विकलं जात नाही, यावर गावाचं आरोग्य ठरतं. काउंटरवरचा फार्मासिस्ट दिवसातून ज्या चार-दोन वेळा ‘हे मिळणार नाही’ म्हणतो, ते त्याचं सगळ्यात मोलाचं काम आहे. आणि त्याच कामाचा त्याला एक रुपयाही मिळत नाही.

भिंतीवरचं सर्टिफिकेट

आधी कायदा, थोडक्यात. औषधांची विक्री १९४० च्या औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याखाली येते आणि फार्मासिस्टचा व्यवसाय १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिलं पाहिजे, असा नियम आहे. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी.फार्म., चार वर्षांचा बी.फार्म. किंवा सहा वर्षांचा फार्म.डी. करून राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी झाली, की माणूस फार्मासिस्ट होतो. कराडला या शिक्षणाचं सरकारी महाविद्यालय आहे, सांगली-मिरज परिसरात खासगी आहेत. डी.फार्म.च्या नव्या अभ्यासक्रमात तर ‘सोशल फार्मसी’ हा वेगळा विषयच आहे. साथीचे रोग, लसीकरण, पोषण, कुटुंबनियोजन असं सगळं त्यात येतं. म्हणजे कागदावर हा माणूस आरोग्यसेवकच आहे.

कागदावर. प्रत्यक्षात सर्टिफिकेट एकाचं, दुकान दुसऱ्याचं, आणि काउंटरवर तिसराच, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. सर्टिफिकेट भाड्यानं लावायचा धंदा जुना आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा, २०१२ च्या आसपास, राज्यभर तपासण्या झाल्या, फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाया झाल्या, आणि औषध विक्रेत्यांनी बंदही पुकारले. बंद करणाऱ्यांचं तेव्हाचं म्हणणं होतं की एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून. आता डी.फार्म. झालेली मुलं दहा-बारा हजारांच्या नोकरीसाठी फिरताना दिसतात, तेव्हा ती सबब तेवढी पटत नाही.

लायसन्स आणि फार्मासिस्टचं नाव दुकानात दर्शनी लावलेलं असतं. ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ असं विचारण्यात काही गैर नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध कसं घ्यायचं, किती दिवस, कशाबरोबर नाही, हे पेशंटला समजावून सांगणं हे त्याचं कर्तव्यच आहे. पाकिटावर पेनानं १-०-१ लिहून दिलं म्हणजे ते कर्तव्य पार पडलं, असं होत नाही.

लाल रेघ

पाकिटाच्या मागं उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. या रेघेबद्दल लोकांना सांगण्याची मोहीम केंद्र सरकारनं २०१६ मध्ये केली होती. अशी बहुतेक औषधं ‘शेड्यूल एच’ या यादीत येतात. त्यातली जास्त जोखमीची औषधं वेगळी काढून १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ नावाची आणखी कडक यादी लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधं होती. वरच्या फळीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या गोळ्या. एच-१ मधलं औषध दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. त्याहून कडक ‘शेड्यूल एक्स’. त्यासाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात राहते.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघू. सांगलीतल्या कुठल्याही गल्लीत हा संवाद ऐकायला मिळेल:

“दादा, घशाचं ते तीन गोळ्यांचं पाकीट द्या. गेल्या वेळी दोन दिवसांत उतरलं होतं.”

“चिठ्ठी हाय का मावशी?”

“चिठ्ठी कशाला? रिकामं पाकीट आणलंय की.”

“ताप किती दिवस झाला? नाक गळतंय? खोकला?”

“कालपास्नं. नाक तर धो धो.”

नाक गळतंय, शिंका आहेत, ताप कालचा आहे, म्हणजे बहुतेक करून हे विषाणूचं दुखणं. ‘तीन गोळ्यांचं पाकीट’ म्हणजे अझिथ्रोमायसिन. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर त्याचा काही उपयोग नाही. गेल्या वेळी दोन दिवसांत उतरलं ते गोळीनं नव्हे, ते उतरणारच होतं. चांगला फार्मासिस्ट इथं पॅरासिटामॉल देतो, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगतो, आणि ‘ताप तीन दिवसांच्या पुढं गेला, धाप लागली, घास गिळेना झाला, तर लगेच डॉक्टर गाठा’ असं बजावतो. अँटिबायोटिकची विक्री जाते, पंधरा-एक रुपयांची उरते. मावशी नाराज. पुढच्या चौकात दुसरं मेडिकल आहेच.

गरज नसताना अँटिबायोटिक घेतल्यानं काय होतं, हे तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगावर एकच बुरशीनाशक हंगामभर मारलं की त्याला दाद न देणारी बुरशी तेवढी शिल्लक राहते आणि मग महागडी फवारणीही वाया जाते, हे त्याला पाठ आहे. शरीरातल्या जिवाणूंचं तसंच होतं. फरक इतकाच, की बाग एकाची असते आणि हे जिवाणू गावभर फिरतात. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळं २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. केरळनं २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ नावानं अचानक तपासण्या सुरू केल्या आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर कारवाई केली. आपल्याकडं नियम तेच आहेत, धाक कमी आहे.

नायट्याची ट्यूब

अँटिबायोटिकबद्दल वर्तमानपत्रात येतं. नायट्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो, कडा लालसर, प्रचंड खाज. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा. ही बुरशी आहे. ऊस भरणारे, भट्टीवर काम करणारे, दिवसभर घामानं भिजलेल्या कपड्यांत राहणारे, यांना ती जास्त. लाजेची जागा असल्यानं माणूस डॉक्टरकडं जात नाही, मेडिकलात जातो आणि दबक्या आवाजात म्हणतो, ‘खाजेची ट्यूब द्या.’ मग त्याला मिळते ती तीन-चार औषधं एकत्र कालवलेली ट्यूब. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, आणि जोडीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं जबर स्टेरॉइड.

लावल्या रात्री खाज थांबते. माणूस म्हणतो, वा, जालीम औषध! प्रत्यक्षात स्टेरॉइडनं त्या जागची शरीराची प्रतिकारशक्ती दाबलेली असते. लाली गेली, खाज गेली, बुरशी मात्र आता निवांत पसरतेय. आठवड्यानं ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट मोठा होऊन परत येतो. पुन्हा तीच ट्यूब. सहा महिन्यांनी कडा पुसट झालेल्या असतात, डॉक्टरलाही पटकन ओळखू येऊ नये असं त्याचं रूप होतं. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उमटतात. तोवर तोच टॉवेल, तीच चादर वापरून घरातल्या चौघांना लागण झालेली असते.

अशा मलमांवर पूर्वी चिठ्ठीची सक्ती नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांनी बराच काळ पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत आणली. तोवर बरंच नुकसान होऊन गेलं होतं. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी नायट्याची एक बुरशी भारतात फोफावली आणि पुढं युरोप-अमेरिकेतही आढळली. तिच्या शास्त्रीय नावातच ‘इंडोटिनी’ असा आपल्या देशाचा शिक्का आहे. ही काही मिरवायची गोष्ट नव्हे.

इथं फार्मासिस्टनं करायचं काम अगदी साधं आहे. स्टेरॉइडची ट्यूब द्यायची नाही. नुसतं बुरशीचं मलम द्यायचं, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावायला सांगायचं. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावा, कपडे उन्हात वाळवा, टॉवेल वेगळा ठेवा, घरात आणखी कुणाला असेल तर दोघांनी एकदमच उपचार घ्या. फार पसरलेलं असेल तर थेट त्वचेच्या डॉक्टरकडं. हे सांगायला मिनिटभर लागतं. हीच स्टेरॉइडची ट्यूब मुली गोरं होण्यासाठी चेहऱ्यालाही लावतात, पण त्या विषयाला स्वतंत्र लेखच हवा.

तिसरी खोकल्याची बाटली

टीबीच्या बाबतीत मेडिकलचं रजिस्टर म्हणजे सरकारसाठी आयती खबर आहे. सरकारी दवाखान्यातला टीबीचा पेशंट आरोग्य खात्याला माहीत असतो. खासगी डॉक्टरकडं जाणारा पूर्वी कुठं नोंदलाच जात नसे. टीबीची औषधं एच-१ मध्ये आल्यामुळं प्रत्येक विक्री रजिस्टरमध्ये आली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं औषध दुकानदारांवरही टीबीच्या पेशंटची माहिती कळवायची जबाबदारी टाकली. आरोग्य कर्मचारी हे रजिस्टर ‘नि-क्षय’ या सरकारी नोंदीशी ताडून बघू शकतो. नाव नोंदलेलं नसेल तर पेशंटला गाठायचं, घरातल्यांची तपासणी करायची, उपचार अर्ध्यात सुटू द्यायचे नाहीत.

पण रजिस्टरच्याही आधी एक पायरी आहे, आणि ती फक्त काउंटरवरूनच दिसते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायची, हा टीबी कार्यक्रमाचा नियम. आता एखादा माणूस तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा खोकल्याचं पातळ औषध न्यायला येतो, हे कुणाला कळतं? डॉक्टरला नाही, तो गेलेलाच नाही. आशाताईला नाही, तिच्यापुढं तो खोकलेला नाही. मेडिकलवाल्यालाच कळतं. त्यानं तिसरी बाटली देण्याऐवजी ‘सिव्हिलला जाऊन बेडका तपासून घ्या, फुकट आहे’ म्हटलं, तर त्या घरातली पोरंबाळं लागणीपासून वाचू शकतात.

उपचार सुरू झाल्यावरही त्याचं काम संपत नाही. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. त्यातल्या रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी-लालसर होते. आधी सांगितलेलं नसेल तर पेशंट रक्त जातंय समजून घाबरतो आणि चौथ्या दिवशी गोळ्या बंद करतो. याच औषधामुळं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. बाई एका दुकानातून दोन्ही गोळ्या नेत असेल तर ही गोष्ट तिला फार्मासिस्टशिवाय कोण सांगणार?

साखरेच्या पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. कारखाने सुरू झाले की बीडकडच्या टोळ्या वाळवा, कराड, फलटण भागात उतरतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत जातात. कोर्सच्या तिसऱ्या महिन्यात असलेला तोडकरी गोळ्या संपल्या की पाल सोडून कुठं जाणार? नि-क्षयचा नंबर असेल तर देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर उपचार पुढं चालू राहतात, औषधं फुकट मिळतात, पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही रक्कम ५०० होती). हे त्या माणसाला माहीत नसतं. तो पालाजवळच्या मेडिकलात रिकामं पाकीट दाखवतो. पाकीट ओळखून त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवला, तरी काम झालं.

महिन्याची गोळी दीड महिन्यानं

बीपी दुखत नाही. म्हणूनच गोळी सुटते. डॉक्टरनं तीस दिवसांची गोळी दिलेली, आणि पेशंट ती पुन्हा न्यायला येतो पंचेचाळिसाव्या दिवशी. याचा अर्थ मधले पंधरा दिवस गोळी पोटात गेलेली नाही किंवा एक दिवसाआड गेली आहे. डॉक्टरसमोर तो ‘रोज घेतो साहेब’ म्हणतो. बिलाच्या तारखा खोटं बोलत नाहीत.

केंद्र सरकार आणि इतर संस्थांनी २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याच्या महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. त्याची रचना साधी. ठरलेली थोडीच औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि न आलेल्या पेशंटचा पाठपुरावा. सरकारी केंद्रावर हा पाठपुरावा कार्डावरून होतो. खासगीत तो मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरवरून होऊ शकतो, पण त्यासाठी त्याच्याकडं कुणी विचारणा केलेली नाही.

एक घातक जोडी इथं सांगायलाच हवी. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, उन्हातान्हात काम, पाणी कमी, आणि त्यावर कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. हे सगळं एकत्र आलं की किडनीवर घाव बसू शकतो. बीपीच्या गोळ्या डॉक्टरनं दिल्यात, पेनकिलर मात्र पेशंट आपल्या मनानं नेतोय. दोन्ही एका काउंटरवरून जातात. ‘आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ हा एक प्रश्न विचारला, तरी निम्मं काम होतं.

तसंच उपवासाचं. ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते तेव्हा वाटेवरच्या मेडिकलात शुगरवाले वारकरी थांबतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणं घेतली, एकादशी म्हणून जेवण टाळलं आणि वर वीस किलोमीटर चाललं, तर साखर धोक्याच्या खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. खिशात साखर ठेवा, आणि उपवासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची ते निघायच्या आधीच डॉक्टरला विचारा, असं सांगणारा कुणीतरी हवा.

पाणी आयर्विन पुलाला लागलं की

सांगलीत पावसाळ्याचं माप आयर्विन पुलाशी मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा घरादारांत शिरलं. पुरात माणसं घर सोडतात तेव्हा सातबारा घेतात, दागिने घेतात, गोळ्या विसरतात. शाळेतल्या छावणीत दुसऱ्या दिवशी बीपीच्या, शुगरच्या, फिटच्या गोळ्यांची शोधाशोध सुरू होते. ‘पांढरी बारीक गोळी’ एवढ्यावर कुणीही औषध देऊ शकत नाही. फोनमध्ये चिठ्ठीचा आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तर काम सोपं. कंपनीचं नाव मिळालं नाही तरी आतला घटक आणि मिलिग्रॅम जुळवून फार्मासिस्ट डॉक्टरला विचारून पर्याय देऊ शकतो. फिटची गोळी एकदम बंद होणं सर्वांत वाईट, तिला पहिला मान.

वीज नसेल तर इन्सुलिनचं काय? न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत बाहेर टिकते. प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून ओल्या मडक्यात ठेवली तरी चालतं. बर्फावर थेट ठेवू नये; गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

पूर ओसरला की जुलाब आणि लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन आरोग्य खातं ठरवून देतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ते नसतं, म्हणून आपल्या मनानं घ्यायचं नाही. जुलाबासाठी ओआरएस. एक मोठं पाकीट बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. अर्ध्या पाकिटाचं पेलाभर पाणी केलं तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडून मुलाला उलट त्रास होतो. मुलाला सोबत झिंक १४ दिवस. मोठ्यांची ‘जुलाब बंद करायची गोळी’ लहान मुलाला कधीही नाही. आणि फळांच्या चवीचे ते गोड डबे? नावात ओआरएस पण आत नुसती साखर, असा माल वर्षानुवर्षं मेडिकलच्याच काउंटरवर विकला गेला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी नेटानं लढा दिल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर हे नाव वापरायला बंदी घातली. ही लढाई डॉक्टरला करावी लागली, फार्मासिस्टांच्या संघटनांनी केली नाही, हे मला खटकतं.

पुरात बुडालेल्या दुकानातला माल नष्टच करायचा असतो. वाळवून विकायचा नसतो. पाकीट वरून कोरडं दिसलं तरी.

बिल कशासाठी

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक लहान मुलं किडनी निकामी होऊन गेली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. महाराष्ट्राला ते अनोळखी नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषानं दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळं १४ पेशंट दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता.

दुकानात बसून हे विष ओळखता येत नाही. पण महाराष्ट्राच्या औषध प्रशासनानं ‘एसआर-१३ ही बॅच विकू नका’ असा इशारा काढला, तेव्हा बॅच नंबरसह हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला तासाभरात सांगता आलं असतं की आपल्याकडं ती आली का, आणि कुणाकुणाला गेली. बिल न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन कसा करणार? बिल मागायचं ते यासाठी. शिवाय सर्दी-खोकल्याच्या औषधातलं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलेलं आहे. तान्ह्या पोराच्या सर्दीला पातळ औषध मागणाऱ्या बापाला नकार देणं, हे इथलं काम.

औषधानं अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले, चक्कर आली, तर १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरवर ते कुणीही कळवू शकतं. देशभरातल्या अशा तक्रारी २०१० पासून गोळा होतात आणि त्यातूनच औषधांवरचे इशारे बदलतात. आपल्याकडं कळवणारे फार कमी.

नकाराची एक दुसरी बाजूही आहे. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. त्यानंतर गर्भपाताच्या गोळ्यांवरची नजर आणखी कडक झाली आणि भीतीपोटी अनेक मेडिकलांनी त्या ठेवणंच सोडलं. पण या गोळ्या कायद्यानं नऊ आठवड्यांपर्यंतच देता येतात आणि सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतं ते त्यानंतर. म्हणजे लिंगनिदानाचा बंदोबस्त सोनोग्राफीच्या खोलीत करायचा, तो झाला काउंटरवर. डॉक्टरची रीतसर चिठ्ठी असलेल्या बाईलाही दहा दुकानं फिरावी लागतात. चिठ्ठी नसताना देणं जितकं चूक, तितकंच चिठ्ठी असताना न देणं.

पैसे कुठून

सरकारनं किंमत बांधलेल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के नफा धरलेला असतो. त्यात भाडं, वीज, फ्रिज, पगार. बाहेर ‘२० टक्के सूट’चे फलक लागलेत. १६ टक्के नफ्यातून २० टक्के सूट कशी देतात, तर छापील किंमत भरमसाट लावलेल्या जेनेरिकवर. छापील शंभर रुपयांचं पाकीट दुकानात वीस-पंचवीसला पडलेलं असतं. जनऔषधी केंद्रात तोच घटक छापील किमतीतच स्वस्त मिळतो. सूट किती हे विचारू नका, दहा गोळ्या केवढ्याला हे विचारा.

या हिशेबात समुपदेशनाचा रकाना नाही. विकलं तर पैसे, न विकता सल्ला दिला तर शून्य. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून सात ठरावीक किरकोळ दुखण्यांवर फार्मासिस्ट स्वतः तपासून ठरलेल्या नियमांनुसार औषध देतो, आणि सुरुवातीला सरकार त्याला दर पेशंटमागं १५ पाउंड देत होतं. औषध दिलं काय किंवा नुसता सल्ला दिला काय, पैसे तेवढेच. आपल्याकडं तपासण्याचा अधिकार फार्मासिस्टला द्यावा असं मी म्हणणार नाही. जिथं सर्टिफिकेट अजून भाड्यानं लागतात तिथं तर नाहीच.

पण न विकल्याचे पैसे देण्याची सोय आपल्या कायद्यात बसणार नाही असं नाही. खासगी डॉक्टरला टीबीच्या पेशंटची नोंद केल्याबद्दल ५०० रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याचं कळवल्यावर आणखी ५०० सरकार आजही देतं. खोकल्याची तिसरी बाटली न देता ज्या मेडिकलवाल्यानं माणूस तपासणीला पाठवला, त्याचा अहवाल टीबीचा आला तर तेवढेच त्यालाही न चुकता मिळावेत. ज्याची बीपीची गोळी दीड महिना लांबली त्याला फोन करून बोलावलं, तर त्याचेही. सातारा-सांगलीतले दोन तालुके निवडून वर्षभर हे करून बघायला फार मोठं बजेट लागत नाही. रजिस्टर तर आधीपासून भरलेलंच आहे.